एकच ई-मेल सगळीकडे कशाला?

इस्लापूरसारख्या गावात ई-मेल पत्ता बहुतेकांनी स्वतः काढलेला नसतो. दहावीनंतर शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा फॉर्म भरायला आपण ऑनलाइन सेवा केंद्रात जातो. तिथला भाई नाव आणि जन्मसाल जोडून पत्ता तयार करतो, पासवर्ड म्हणून आपलाच मोबाइल नंबर टाकतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो. मग तोच पत्ता पोलीस भरतीला, बँकेला, ऑनलाइन खरेदीला, नोकरीच्या साइटला आणि रिश्ते जुळवणाऱ्या साइटलाही. मी इथलाच, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावी आलो की पोरं मोबाइल हातात देतात : "भाईजान, इतके मेल येतात कुठून?" हजारो न वाचलेले मेल असतात आणि हॉल तिकीट त्यातच कुठेतरी गाडलेलं असतं.

येतात कुठून, ते आमच्या धंद्याच्या बाजूने सांगतो. डेटाबेसमध्ये नावावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, मार्कमेमोवर दुसरं आणि टीसीवर तिसरंच. ई-मेल मात्र सगळीकडे अक्षर न् अक्षर तोच राहतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या याद्या जुळवायला त्याच्यासारखं सोपं साधन नाही. जाहिरातवाले पत्त्याचं सांकेतिक रूप करून याद्या जुळवतात आणि त्याला सुरक्षित म्हणतात. पण तुमच्या पत्त्याचं सांकेतिक रूप दोन्हीकडे सारखंच येतं, म्हणून तर जुळणी होते! तुम्ही कुठे शिकता, काय विकत घेता, कोणत्या वयाचा जोडीदार शोधता, हे तुकडे त्या एका पत्त्याभोवती गोळा होतात.

शिवाय याद्या फुटतात. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या ऑर्डरींची माहिती फुटली आणि ई-मेल किंवा नंबर टाकून ती शोधताही येत होती. पिझ्झा कोणी मागवला याचं कुणाला काय पडलंय, असं वाटेल. पण घराचा पत्ता त्याच ओळीत होता.

आपल्यासाठी ही गोष्ट नुसत्या त्रासदायक जाहिरातींवर थांबत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड'च्या पत्रकारांनी उघड केलं की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या अॅपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या दलालाकडे जात होती आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. अॅपने नंतर ते संबंध तोडले. पुढे जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' आलं. सोशल मीडियावरचे मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने ज्यांना पकडलं त्यांत इंजिनीअरिंगचा विद्यार्थीही होता. फोटो उघड्यावरचे होते, वेगळा ई-मेल असता तरी ते वाचले नसते, हे मान्य. पण एखाद्या मुलीचं नोकरीचं प्रोफाइल, रिश्त्याच्या साइटवरचं प्रोफाइल आणि सोशल मीडियाचं खातं एकाच पत्त्यावर असेल, तर पाळत ठेवणाऱ्याचं अर्धं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

उपाय सोपा आहे, पण त्यात दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला तात्पुरत्या पत्त्याचा. मेलिनेटरसारख्या सेवेवर कोणतंही नाव टाका, पेटी तयार! पण ती पेटी सार्वजनिक असते. ते नाव ज्याला सुचेल तो तुमचे मेल वाचू शकतो, पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा. एखादी पीडीएफ उतरवून घ्यायला ठीक आहे, पण त्यावर खातं कधीच उघडू नका.

दुसरा प्रकार खरा कामाचा. फायरफॉक्स रिले, डकडकगो, सिंपललॉगिन या सेवा तुम्हाला वेगवेगळे टोपणपत्ते देतात आणि त्यांवर आलेला मेल तुमच्या खऱ्या पेटीत पोचवतात. अॅपलचे पैसे भरणाऱ्यांना अशीच सोय आयक्लाउडमध्ये मिळते. त्रास झाला की तो एक पत्ता बंद करायचा. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह देऊन शब्द जोडता येतो, पण तो शब्द काढून टाकणं कुठल्याही प्रोग्रामरच्या डाव्या हाताचा मळ.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे चोर कळतो. एका क्लासच्या साइटला मी फक्त त्यांच्यासाठी काढलेला पत्ता दिला होता. काही महिन्यांनी त्यावर कर्ज देणाऱ्यांचे मेल सुरू झाले. त्यांनी विकला की त्यांच्याकडून फुटला ते कळायला मार्ग नाही, पण गेला तो तिथूनच.

शिष्यवृत्ती, भरती, बँक, विद्यापीठ इथे मात्र खराच पत्ता द्या आणि पासवर्ड आजच बदला. तो अजून सेवा केंद्राच्या वहीत असेल.

"आपण असं लपवलं तर उलट संशय नाही का येणार?" हा प्रश्न मला आपल्याच मुलांकडून येतो, आणि तो उगाच येत नाही. उत्तर असं की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोही एकमताने. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने नागरिकांवरही काही कर्तव्यं टाकली आहेत : दुसऱ्याची ओळख धारण करायची नाही, सरकारी ओळखपत्र काढताना माहिती दडवायची नाही. दुकानदाराला टोपणपत्ता देणं यात बसत नाही. तो मेल शेवटी तुमच्याच नावाच्या पेटीत येतो. तपासयंत्रणेपासून लपण्याचं हे साधन नाहीच, आणि कुणी तसं वापरायला सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

खरं भोक मोबाइल नंबरचं आहे. त्याला टोपणनंबर मिळत नाही आणि आपल्याकडे चहा सोडून सगळ्याला ओटीपी लागतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं होतं की बिलासाठी नंबरचा आग्रह दुकानदाराने धरू नये. नांदेडच्या दुकानांत मी नाही म्हणतो, तेव्हा बिल निघतंच. एका कॅशिअरने तर निमूटपणे दहा वेळा नऊ दाबलं आणि पिशवी हातात दिली.