कूलर पाण्याचा की पंख्याचा?

अकोला-नागपूरकडे उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावतात. ओल्या ताट्यांमधून हवा आत येते, पाणी वाफ होऊन उडतं नि खोली गार होते. म्हणून तर त्यात सारखं पाणी भरावं लागतं! काँप्युटरचा ‘लिक्विड कूलर’ मात्र असा नव्हे बरं का. त्यातलं पाणी बंद नळीतच फिरतं. त्याचं काम हमालाचं. प्रोसेसरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन टाकायची. तिथून ती बाहेर कोण घालवतं? पंखाच! खोलीत ४० अंश असतील, तर प्रोसेसर त्याहून गार होणं शक्यच नाही.

आता गंमत ऐका. चांगल्या एअर कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतही बहुधा थोडंसं पाणी असतं! नळीतली हवा काढलेली असल्यामुळे ते लवकर उकळतं. वाफ वरच्या पत्र्यांकडे धावते, उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि खाली परतते. त्याला पंप लागत नाही.

मग पैसे कशावर घालायचे? १९९३चा पेंटियम साधारण १५ वॅट उष्णता टाकायचा. इंटेलचा २०२२चा आय-नाईन १३९००के जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो! अशाकडून तासन्‌तास काम घेणाऱ्यांना लिक्विड कूलर उपयोगी. घरच्या ‘६५ वॅट’वाल्याला एअर कूलर पुष्कळ झाला; पंप बिघडायची धास्तीही नको. बाबांकडे हट्ट धरण्याआधी पंख्यावरची धूळ बघा. प्लग काढा, पाती बोटाने धरा नि मऊ ब्रशने झाडा.