गाडीची ढेकर

आमचा पुतण्या लेस्टरला असतो. त्याने आपल्या १९९० सालच्या माझदा एमएक्स-५चा मूळ डबा काढून शंकूसारखा उघडा एअर फिल्टर बसवला. म्हणतो, "काका, गाडी आता श्वास घेते!" मग इतकी वर्षं काय नाक दाबून पळत होती? अहो, तो डबा काही शोभेला नव्हता. तो बाहेरची गार हवा आत घेतो. उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. २० अंशांची हवा ५० अंशांवर गेली, की तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी मावते. आम्ही बँकवाले याला शुद्ध तोटा म्हणतो! वाढतो तो आवाज. मोठी ढेकर आली म्हणजे जेवण जास्त झालं का? बाळा, जुना डबा परत बसव, आत नवा कागदी फिल्टर घाल. आणि उरलेले पौंड इकडे पाठव. आमच्या शाखेचं ठेवींचं टार्गेट अजून अपुरं आहे.