मखरातली पट्टी रुसली तर?

काय दोस्तांनो, मखर झालं का तयार? आणि ऐन आदल्या रात्री एलईडीची पट्टी रुसली? थांबा, लगेच दुकानात पळू नका. आधी प्लग काढा, घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि मग एकेक तपासू या.

पट्टी पेटतच नाही? या पट्ट्या बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालतात. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. अधिक-उणे उलटं जोडलं की अंधार! वायरी बदलून पाहा.

लागोपाठचे तीनच दिवे विझलेत? १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन दिव्यांची टोळी असते. एक बिघडला की बहुतेक वेळा तिघंही संपावर! म्हणून पट्टी नेहमी खुणेवरच कापायची.

शेवटचं टोक मिणमिणतंय? पट्टीतलं तांबं पातळ असतं, त्यामुळे लांबवर व्होल्टेज घटतं. त्याच अ‍ॅडॅप्टरची वायर दुसऱ्या टोकालाही जोडा.

दिवे लुकलुकतात, अ‍ॅडॅप्टर तापतो? हिशेब करा. मीटरला ४.८ वॅट, तर ५ मीटरला २४ वॅट. २४ भागिले १२ म्हणजे २ अँपिअर. अ‍ॅडॅप्टर १ अँपिअरचा असेल तर बिचारा दमणारच! १२ व्होल्टचाच, पण ३ अँपिअरचा घ्या.

आणि हो, अ‍ॅडॅप्टर कधीही मखराच्या कागद-कापडामागे कोंबू नका. तिथे उष्णता साठली तर आग लागू शकते. तो मोकळ्यावर ठेवा, झोपताना बटण बंद करा.

मग, कोणाची पट्टी कशामुळे रुसली होती? शोधून काढा बरं!