ठिगळ, चोरी आणि आपली संगणक खोली

चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि आठवड्याच्या आतच संगणक खोलीला कुलूप लागले. नववीतल्या एका मुलाने घरून आणलेल्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला, सहा कॉम्प्युटर बंद पडले आणि मुलांचे दोन आठवड्यांचे प्रॅक्टिकल बुडाले. हे सर्व पालकांना ठाऊक आहे. तो मुलगा माझा भाचा, हेही एव्हाना गावात बहुतेकांना ठाऊक झाले आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. चूक त्याची. थोडी माझीही, कारण हा नाद त्याला मीच लावला.

आता पालक-शिक्षक संघातून असे सुचवले गेले आहे की शाळेत यापुढे खेळ, खेळांचे पॅच आणि बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम यांवर सरसकट बंदी घालावी. पुढच्या बैठकीत तो ठराव विश्वस्तांसमोर येईल. पेन ड्राइव्हवर बंदी घाला, माझी हरकत नाही. पण ठरावाच्या मसुद्यात ‘पॅच’ आणि ‘चोरी’ हे दोन शब्द एकाच ओळीत आले आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

पॅच म्हणजे ठिगळ. जुना खेळ नव्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाही, किंवा त्यात पहिल्यापासून काही चूक राहिलेली असते. कंपनीला त्यात आता पैसा दिसत नाही. मग तो खेळ मनापासून आवडणारा कुणीतरी आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रात्री जागतो, चूक शोधतो आणि दुरुस्ती फुकट वाटतो. मूळ खेळ तो देत नाही. जुन्या कार्ट्रिजवरच्या खेळांसाठी आयपीएस नावाची पॅच-फाइल असते, ती उघडून पाहिली तर मौज वाटते. सुरुवातीला इंग्रजी ‘पॅच’ शब्दाची पाच अक्षरे, मग ‘अमुक जागी जा, तिथे हे आकडे लिही’, ‘तमुक जागी जा, तिथे हे लिही’, आणि शेवटी ‘फाइल संपली’ अशी तीन अक्षरांची खूण. बस. मूळ खेळ ज्याच्याकडे नाही, त्याला ही फाइल म्हणजे सदऱ्याशिवाय ठिगळ.

क्रॅक म्हणजे मात्र कुलूप फोडणे. पैसे न देता खेळ चालावा म्हणून केलेली ती करामत. माझ्या भाच्याने आणले होते ते हे. झिप फाइलच्या नावात ‘पॅच’ लिहिलेले होते, आत मात्र अख्खा खेळ, क्रॅक आणि वर व्हायरस. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हा फरक कुणी सांगितलाच नव्हता. मी त्याला फक्त एवढे सांगितले होते की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चांगला खेळ आहे आणि त्याचे पॅच मिळतात.

आमच्या पिढीला हा राजपुत्र ओळखीचा. सरकारच्या सायबरएज योजनेतले कॉम्प्युटर घराघरांत आले, त्या काळात कुणाच्याही घरी गेले की तो तळघरातून धावताना दिसायचा. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये तो ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट हाताने उतरवून घेतली. २०१२ मध्ये हरवलेल्या जुन्या डिस्क त्याच्या वडिलांना सापडल्या, तेव्हा त्याने मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना वाचायला खुला करून टाकला. चाहत्यांनी डॉसवरचा खेळ उलगडून नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा रचला आहे. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मूळ चुकांची यादी आहे. हवी ती दुरुस्त करा, हवी ती तशीच राहू द्या. हे मला फार आवडले. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्या वस्तूचा मान राखला आहे.

याच मालिकेतला २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ. त्याची गोष्ट आपल्या शेजारच्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्ट कंपनीने त्याची नवी आवृत्ती जाहीर केली आणि काम पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे सांगितले. मराठी मुलखात एवढ्या नावाजलेल्या खेळाचे नवनिर्माण! पण पहिल्या झलकेवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडे सोपवले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला. पुण्यामुंबईच्या त्या कलाकारांचे काम आपल्याला कधी खेळायला मिळणार नाही, याचे वाईट वाटते. २००३ चा मूळ खेळ मात्र आजही चालतो, आणि बराचसा चाहत्यांच्या ठिगळांमुळे नीट चालतो.

व्हायरसच्या प्रकरणानंतरच्या रविवारी भाच्याला घेऊन बसलो. सेलमध्ये थोड्या पैशांत तो खेळ रीतसर विकत घेतला. जुन्या चौकोनी मॉनिटरसाठी केलेला असल्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर राजपुत्र दोन्हीकडून ताणल्यासारखा दिसतो. त्यासाठी चाहत्यांनी केलेली छोटी फाइल आहे. नव्या ग्राफिक्स कार्डवर खेळातले धुके गायब होते. त्यासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलाव्या लागतात. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत बाजूला काढली. मग एक बदल केला, खेळ चालवून पाहिला आणि वहीत नोंद केली. मग दुसरा. “मामा, दोन्ही एकदम केले असते तर?” असे त्याने विचारले. मी म्हटले, केले असतेस तर बिघडल्यावर कुठल्याने बिघडले हे कसे कळले असते? विज्ञानाच्या प्रयोगवहीत हेच शिकवतात, पण तिथे त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

आता कायद्याचे पाहू, कारण विश्वस्तांना त्याची काळजी आहे आणि ती योग्य आहे. मी वकील नव्हे, पण १९५७ चा कॉपीराइट कायदा कुणालाही वाचता येतो. त्याच्या ५२ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर वैयक्तिक वापरासाठी, कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत किंवा रूपांतर करणे हा कॉपीराइटचा भंग नाही. उलट २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमाप्रमाणे कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. ठिगळ आणि चोरी यांतली रेघ कायद्यानेच आखली आहे. ठरावाने ती पुसू नये. अर्थात विकत घेताना आपण ज्या करारावर ‘मान्य’ म्हणून क्लिक करतो त्यात कंपन्या आणखी अटी घालतात, आणि उलगडलेला प्रोग्रॅम जगभर वाटणे ही गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२१ मध्ये टेक-टू कंपनीने ‘जीटीए’चे जुने खेळ उलगडून वाटणाऱ्या चाहत्यांवर अमेरिकेत दावा लावला होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला त्या खेळांची कंपनीने काढलेली नवी आवृत्ती इतक्या चुकांसह आली की आठवड्याभरात माफी मागावी लागली. चित्रे यंत्राकडून गुळगुळीत करून घेतली होती. डोनटच्या एका दुकानाच्या पाटीवर नावातल्या श्लेषासाठी सहा कोनांचा नट काढलेला होता, त्याचे कोनच गेले. यंत्राला विनोद कसा कळावा? मग त्या नव्या आवृत्तीलाही चाहतेच ठिगळे लावू लागले.

‘जीटीए’चे नाव वाचून पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडाव्यात. ते खेळ अठरा वर्षांवरील माणसांसाठी आहेत आणि शाळेत त्यांना जागा नाही. पण त्यांतल्याच एका जुन्या खेळाच्या दुरुस्तीची हकिगत आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ ची नवी आवृत्ती आली आणि ‘सॅन अँड्रियास’ या वीस वर्षांच्या खेळातले पाण्यावर उतरणारे एक विमान अचानक नाहीसे झाले. सगळ्यांनी विंडोजला दोष दिला. ‘सायलेंट’ या टोपणनावाने पॅच करणारा एक पोलिश प्रोग्रॅमर मुळाशी गेला. खेळात वाहनांची यादी एका साध्या फाइलमध्ये असते, प्रत्येक वाहनाला एक ओळ. या विमानाच्या ओळीत चाकांच्या मापाचे शेवटचे आकडे लिहायचेच राहिले होते. आधीच्या खेळात ते वाहन होडीच्या वर्गात होते आणि होडीला चाकांचे माप लागत नाही! आकडा नसल्यामुळे प्रोग्रॅम आधीच्या वाहनाचा मेमरीत उरलेला आकडा उचलत होता, आणि वीस वर्षे नशिबाने तो बरोबर ठरत होता. नव्या विंडोजने मेमरीची तीच जागा स्वतःच्या कामाला वापरली, भलताच आकडा आला आणि विमान आकाशात कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकले गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्याने हा शोध सविस्तर लिहून ठेवला आणि पॅचही दिला. विद्यार्थी मित्रांनो, कुठल्याही परीक्षेत नसलेला हा धडा आहे. विंडोज निर्दोष होते, वीस वर्षे चालले म्हणून बरोबर होते असेही नाही, आणि हे सगळे एका फाइलची एक ओळ नीट वाचल्यामुळे कळले.

घुमटाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मडके कुंभाराचे, तोंडावर घोरपडीचे कातडे. वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली, तेव्हा घुमट अडगळीत टाकायचे की बकऱ्याचे कातडे चढवायचे, हा प्रश्न होता. म्हातारी माणसे अजून म्हणतात की तो नाद नाही. नसेलही. पण बकऱ्याचे कातडे चढले म्हणून घराघरांत आरत्यांना घुमट वाजत राहिले आणि २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. कातडे चढवणाऱ्याला कुणी चोर म्हटले नाही.

धोका नाही असे मी म्हणत नाही. आयपीएससारखी फाइल नुसती आकड्यांची यादी असते, पण ‘सँड्स ऑफ टाइम’साठी वापरली तसली फाइल स्वतः चालणारा प्रोग्रॅम असते, आणि चुकीच्या हातून आली तर काय होते ते सहा कॉम्प्युटरांनी दाखवले आहे. म्हणूनच हे काम मुलांनी घरात दार लावून करण्यापेक्षा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर केलेले बरे. बंदी घातली तरी मुले पॅच शोधायची थांबणार नाहीत. ती फक्त विचारायची थांबतील.

माझी विनंती एवढीच आहे की ठरावातला ‘पॅच’ शब्द काढावा आणि शनिवारच्या दोन तासांसाठी एक कॉम्प्युटर द्यावा, शाळेच्या नेटवर्कला न जोडलेला. त्यावर विकत घेतलेल्या किंवा रीतसर मोफत असलेल्या खेळांखेरीज काही चढणार नाही. पॅच कुणी केला, कुठून घेतला, हे वहीत लिहिल्याशिवाय आणि फाइलचा ठसा पॅच करणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी जुळवल्याशिवाय ती उघडायची नाही. ठसा काढायची आज्ञा विंडोजमध्येच असते, नववीच्या मुलाला ती पाच मिनिटांत येते. बिघडले तर त्याच मुलाने जुनी प्रत परत बसवून दाखवायची. शनिवारी बसायला मी तयार आहे. माझ्याकडे जुना सीपीयू पडून आहे, तो शाळेला देतो. त्याचा पंखा आवाज करतो, पण भाचा म्हणतो की तो दुरुस्त करील. मॉनिटर मात्र शाळेने द्यावा.