विश्लेषण : रंगाची बादली सहज का फुटत नाही? आणि ३० टक्के रिसायकलच्या नियमाने तिचं काय होणार?

रंगाची बादली रिकामी झाली की ती फेकायची नाही, हा बहुतेक घरांतला अलिखित नियम. ती उलटी करून पाहा. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा दिसेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हॉटेलच्या पार्सलच्या पारदर्शक डब्यावरही अनेकदा हाच ५ असतो. पण तो डबा फ्रीजरमधून काढताना पडला तर तडकतो. बादली मात्र वर्षानुवर्षं आपटून घेते.

साधं पॉलिप्रॉपिलीन कडक असतं, पण शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. त्यामुळे बादलीचं प्लास्टिक दोन टप्प्यांत बनवतात. पहिल्या रिअ‍ॅक्टरमध्ये टायटॅनियमयुक्त उत्प्रेरकाच्या बारीक कणावर प्रॉपिलीनचे रेणू जोडले जातात आणि सच्छिद्र दाणा वाढत जातो. उत्प्रेरक अजून काम करत असतानाच तो दाणा दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जातो. तिथे प्रॉपिलीनसोबत इथिलीन वायू सोडतात आणि दाण्याच्या छिद्रांमध्ये रबर तयार होतं. म्हणजे रबर वरून मिसळलेलं नसतं, आतच वाढलेलं असतं. ते जास्त होऊन बाहेर आलं तर दाणे एकमेकांना चिकटतात, म्हणून इथे प्रमाण फार जपावं लागतं. धक्का बसला की रबराचे हेच सूक्ष्म थेंब ताण पसरवतात आणि तडा पुढे जात नाही. बाजारात या मालाला ‘पीपीसीपी’ म्हणतात.

मग अडचण कुठे आहे?

केंद्राच्या फेब्रुवारी २०२२च्या नियमांनुसार कडक प्लास्टिक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के, तर २०२८-२९ पासून ६० टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक हवं. रंगाच्या बादल्या याच गटात येतात. हेतू चांगलाच आहे. पण पार्सलचे डबे आणि बादल्या एकत्र वितळवल्या, की रबराचं प्रमाण घटतं आणि नवी बादली ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. तो टाळायला वेगळं रबर विकत घेऊन मिसळावं लागतं, त्याचा खर्च वेगळा.

गाडीच्या बॅटरीचं खोकं याच जातीच्या प्लास्टिकचं असतं. जुन्या बॅटऱ्या शिशासाठी वेगळ्या गोळा होतात, त्यामुळे त्यांचं प्लास्टिकही वेगळं राहतं आणि पुन्हा बॅटरीच्या खोक्यांसाठी वापरता येतं. बादलीला असा स्वतंत्र रस्ता नाही. माझ्या मते नियमातली उणीव हीच आहे. टक्केवारी ठरली, पण ५ क्रमांकाच्या आत कुठलं प्लास्टिक आहे हे सांगणारी खूण बादलीवर नाही. ते ओळखायचं काम आजही भंगारवाल्याच्या नजरेवर सोडलेलं आहे.