मणी आणि अक्षर
(द्वितीय वर्ष, कला)

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? घनदाट अरण्ये, सिंह, ढोल आणि गळ्यात रंगीबेरंगी माळा घालून नाचणारी माणसे! चित्रपटांनी आणि शिकारकथांनी हे चित्र आपल्या मनावर इतके पक्के ठसवले आहे, की त्या माळांकडे नीट पाहावे असे आपल्याला कधी वाटतच नाही. 'रानटी लोकांची नटण्याची हौस' एवढा शेरा मारून आपण मोकळे होतो. परंतु दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजात तरुणीने आपल्या प्रियकरासाठी ओवलेल्या माळेला 'इन्क्वाडी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ आहे पत्र. पुस्तकालाही झुलू भाषेत हाच शब्द आहे! ज्यांनी माळेला आणि ग्रंथाला एकच नाव दिले, त्यांना अडाणी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबायला नको काय?

या मण्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. काच येण्यापूर्वी तेथील लोक शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, बियांचे, हाडांचे मणी करीत. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर टोकाला मापुंगुब्वे येथे सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या राजधानीचे अवशेष सापडले आहेत. तेथील काचेच्या मण्यांपैकी पुष्कळसे भारतातून समुद्रमार्गे गेलेले आहेत. पुढे युरोपियन व्यापाऱ्यांनी व्हेनिस आणि बोहेमिया येथील मणी आणले. १८२४ साली इंग्रज व्यापारी पोर्ट नाताळ येथे, म्हणजे आजच्या डर्बनला, उतरले. त्या वेळी शाका राजा गादीवर होता. शाका आणि त्याच्यानंतरचा डिंगाने या दोघांनीही मण्यांच्या व्यापारावर आपली पकड ठेवली. विशिष्ट मणी राजघराण्याखेरीज कोणी वापरू नयेत, असा दंडक होता. डिंगानेच्या मोठ्या घराचे खांबसुद्धा मण्यांनी मढवलेले होते, असे तेथे गेलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. अशा रीतीने परदेशी काच आली, राजाची दौलत झाली आणि कालांतराने सर्वसामान्य घरांत पोहोचली. तेथे ती स्त्रियांच्या हाती पडली आणि तिची भाषा झाली.

ही भाषा चालते तरी कशी? मणी ओवते ती स्त्री, आणि बहुधा अंगावर मिरवतो तो पुरुष. मुलगी लहानपणीच मोठ्या बहिणींकडून आणि मैत्रिणींकडून हे काम शिकते. वयात आलेल्या मुलींवर 'अमाकिकिझा' म्हणजे थोरल्या, जाणत्या मुलींची देखरेख असे. एखाद्या तरुणाला होकार द्यायचा तर तो परस्पर देता येत नसे. अमाकिकिझांची संमती मिळाल्यावर मुलगी त्याला 'उचू' नावाची मण्यांची माळ देई. ती त्याच्या गळ्यात दिसली की साऱ्या गावाला समजे. पुढे रुसवा, विरह, तक्रार असे सगळेच मण्यांत उतरे. गंमत अशी, की पुष्कळदा त्या पुरुषाला स्वतःच्या गळ्यातले पत्र वाचता येत नसे! अर्थ लावून घेण्यासाठी त्याला बहिणीकडे नाहीतर नात्यातल्या एखाद्या बाईकडे जावे लागे. १८८६ नंतर जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणींवर हजारो पुरुष मजुरीसाठी जाऊ लागले. वर्षवर्ष घराबाहेर राहणाऱ्या त्या माणसांजवळ गावाकडचे मणी म्हणजे केवढा ठेवा असेल!

आज मात्र या पत्रांचे काय झाले आहे ते पाहावे. पर्यटकांच्या दुकानांत 'झुलू प्रेमपत्र' म्हणून टाचणीला लावलेला मण्यांचा छोटा चौकोन विकत मिळतो. सोबत रंगांचा छापील तक्ता असतो. पांढरा म्हणजे शुद्ध प्रेम, लाल म्हणजे उत्कटता, काळा म्हणजे दुःख किंवा लग्न, असा. तक्ता वाचला की झुलू स्त्रीचे हृदय वाचल्याचे समाधान मिळते! या कामावर अनेक बायकांचे पोट चालते, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझा आक्षेप आहे तो त्या तक्त्याला.

एक तर रंगांची वाटणीच भाषागणिक वेगळी. झुलूमध्ये हिरवा आणि निळा या दोहोंना मिळून 'लुह्लाझा' हा एकच शब्द आहे. फरक सांगायचा झाला तर 'गवतासारखा' किंवा 'आकाशासारखा' असे पुढे जोडतात. म्हणजे ज्या भाषेत निळा आणि हिरवा यांना वेगवेगळी नावेच नाहीत, तिच्या मण्यांना तक्त्यात दोन रकाने! दुसरे असे, की मुलूख बदलला की मेळ बदलतो. क्वाझुलू-नाताळमधील म्सिंगा भागात रंगांचे ठरावीक मेळ असून त्यांना स्वतंत्र नावे आहेत. 'इसिशुंका' या मेळात पांढरा, फिकट निळा, गडद हिरवा, फिकट पिवळा, गुलाबी, लाल आणि काळा असे सात रंग येतात. 'उमझांसी'त पांढरा, गडद निळा, गवती हिरवा आणि लाल एवढे चारच. जाणकाराला त्यावरून प्रथम कळते ते माळ कोणत्या भागातली, कोणत्या लोकांची हे. एकेका रंगाचा सुटा अर्थ सांगण्याचा हट्ट म्हणूनच फोल आहे. ओवणारी कोण, घालणारा कोण, आधी त्यांच्यात काय घडले होते, हे ज्याला ठाऊक त्यालाच ते पत्र पुरते लागते. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या कितीतरी माळांवर ओवणारीचे नावही नाही. पाठवणारीचे नाव नाही आणि घेणाऱ्याचा पत्ता नाही, अशी ही पत्रे! तक्ता हाती असला तरी ती कशी वाचणार?

या विषयातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती मात्र पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकात नाताळमध्ये मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जे ख्रिस्ती झाले, शाळेत गेले, ते 'अमाखोल्वा' म्हणजे श्रद्धावंत. त्यांनी कापडी पोशाख घालावा आणि मणी टाकावेत, अशी अपेक्षा असे. जे मणी घालीत राहिले ते मागासलेले ठरले. अक्षर हवे असेल तर मणी सोडा, असाच तो सौदा होता. शिक्षणाने माणसाला पुढे न्यावे हे खरे. पण त्यासाठी आईच्या हातातली विद्या आधी टाकून द्यावी लागावी काय?

या प्रश्नाला एका स्त्रीने आपल्या कामाने उत्तर दिले. तिचे नाव रेजिना त्वाला. तिचा जन्म १९०८ साली नाताळमध्ये, अशाच शिकलेल्या ख्रिस्ती वातावरणात झाला. वर्णभेदाच्या त्या देशात तिने १९४८ साली जोहान्सबर्गच्या विट्वाटर्सरँड विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी मिळवली. काळ्या स्त्रीला पदवी मिळणे तेव्हा अपवादानेच घडे. पदवी हाती आल्यावर ती वळली कोठे, तर मण्यांकडे! झुलू आणि स्वाझी समाजाचे जीवन मणी कसे नियमित करतात, यावरचा तिचा संशोधनपर लेख १९५१ साली प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये ती निवर्तली. तिने लिहिलेली पुस्तके हस्तलिखितातच राहिली आणि तिचे नाव विस्मृतीत गेले. जोएल कॅब्रिटा यांनी लिहिलेले तिचे चरित्र २०२३ साली निघाले, तेव्हा कोठे जगाला तिची आठवण झाली. मण्यांत लिहिणाऱ्या बायका अनामिक राहिल्या आणि त्यांच्याविषयी अक्षरांत लिहिणारीही जवळजवळ अनामिक राहिली, हा योगायोग म्हणावा की आणखी काही?

कोणी म्हणेल, जुन्याचे हे गोडवे कशाला? मण्यांत बोलावे लागले, कारण स्त्रीला तोंडाने बोलण्याची मुभा नव्हती! हे म्हणणे खोटे नाही. झुलू रिवाजाप्रमाणे सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावात येणारी अक्षरेसुद्धा सून उच्चारीत नाही; या मर्यादेला 'ह्लोनिफा' म्हणतात. ही बंधने सुंदर होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बंधनात राहूनही त्या बायकांनी वाट काढली, हे का विसरावे? गेल्या शतकाच्या अखेरीस एड्सने क्वाझुलू-नाताळ प्रांतात थैमान घातले. हा रोग ज्या गोष्टींतून पसरतो त्या उघड बोलणे बायकांना लज्जेचे वाटे. त्या सुमारास डर्बनमधील एका तंत्रशिक्षण संस्थेतील शिक्षिका केट वेल्स यांनी खेड्यांतल्या मणीकाम करणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन 'सियाझामा' नावाचा उपक्रम चालवला. सियाझामा म्हणजे 'आम्ही प्रयत्न करीत आहोत'. जे जिभेवर आणता येत नव्हते ते त्या बायकांनी मण्यांच्या बाहुल्यांतून आणि लाल फितींच्या नक्षीतून सांगितले. कोणत्याही तक्त्यात नसलेला अर्थ त्यांनी नव्याने ओवला. जिवंत भाषेची खूण याहून वेगळी ती काय असते?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून 'निरक्षर' हा शब्द कानी पडला की मला त्याचा वजनदारपणा जाणवतो. अक्षरओळख प्रत्येकीला मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. रेजिना त्वालाजवळ लेखणी नसती तर मण्यांची बाजू कोणी मांडली असती? परंतु ज्याला अक्षर येत नाही त्याला काहीच येत नाही, असे मानणारे शिक्षण अपुरे आहे. आपण पदवीधर होऊ तेव्हा आपल्या लेखणीने अशा अनामिक हातांची दखल घेतली पाहिजे. त्यांच्या कामाचा तक्ता करून नव्हे. त्यांना विचारून, त्यांचे ऐकून आणि शेवटी त्यांचे नाव लिहून.