तारामतीला पंधरा रुपये

माझा भाचा वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला आहे. गेली सहा वर्षे शनिवार-रविवार धरून आणि उरलेल्या रजा टाकून तो लग्नांचे व्हिडिओ शूट करतो. दांडिया बाजारातल्या त्याच्या आणि बायकोच्या दोन खोल्यांपैकी एक आता एडिटिंगचीच झाली आहे. गेल्या महिन्यात तो आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "मावशी, नोकरी सोडतोय. तू दर आठवड्याला पोटापाण्यावर लिहितेस ना, मग सांग, सोडू का?"

म्हटले, हिशेब बघितल्याशिवाय सांगणार नाही. म्हणून त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. त्या दिवशी एका पार्टी प्लॉटवर लग्न होते. तो रात्री दीड वाजता आला, दोन घास खाल्ले आणि आडवा झाला, सकाळी फर्स्ट शिफ्ट होती. मग सूनबाई उठली. तिने बॅगेतून आठ मेमरी कार्डे काढून टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर लिहिलेले: ग्रहशांती, पीठी, जान, हस्तमेळाप १, हस्तमेळाप २. एकेक कार्ड आधी एका हार्ड डिस्कवर उतरवायचे, मग दुसरीवर. फायली किती, वजन किती, हे दोन्हीकडे जुळवून वहीत वेळेसकट टिपायचे. प्रत्येक कार्डातली पहिली आणि शेवटची क्लिप आवाज लावून बघायची. एवढे झाले की त्या कार्डावर हिरवी पट्टी, म्हणजे आता पुसायला हरकत नाही. पावणेचार वाजले. सकाळी दुसरी डिस्क रावपुऱ्याला तिच्या आईकडे गेली. "एकाच घरात दोन्ही नाही ठेवायच्या मावशी," ती म्हणाली, "आपल्याकडे काही झालं तर त्या पोरीचं लग्न परत थोडंच लागणार आहे?"

एडिटिंगच्या खोलीत त्याचे व्हिजिटिंग कार्ड होते. कोटेशनचा छापील कागदही होता. दोन्हीवर त्याचे एकट्याचे नाव.

वडोदऱ्यात कॅमेऱ्यावर पोट भरू पाहणाऱ्याला कोणीतरी दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण देतेच. देणाऱ्याचा सूर नेहमी एक: सरकारी नोकरी सोडली, विम्यावर कर्ज काढले, विलायतेला गेले आणि इतिहास घडवला. हे खरे आहे, पण फार घाईने सांगितलेले आहे. मी रोज कलाभवनावरून जाते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या या संस्थेत फाळके शिकले, आणि प्राचार्य त्रिभुवनदास गज्जरांनी पुढे इथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. मग ते धंद्यासाठी गोध्र्याला गेले. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेली. वडोदऱ्याला परतून त्यांनी पुन्हा फोटोचा धंदा मांडला, तर गावात बोलवा उठली की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने तिचे प्रयोग केले. पडदे आणि जादू, दोन्ही पुढे सिनेमात कामी आले. या गावात त्यांना पैसा मिळाला नाही, हात मात्र तयार झाले.

आणि नोकरी सोडली ती सिनेमासाठी नव्हेच. पुरातत्त्व खात्यात ते १९०३ मध्ये छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. ती नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. सिनेमा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावरही त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाला हात घातला नाही. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली. पैसेवाल्याला दाखवली ती ही. भाच्याला मी म्हटले, लोक तुला विम्याची पॉलिसी सांगतात, तू वाटाणा लक्षात ठेव. त्याचा वाटाणा उगवलेला आहे. लोक नाव काढून येतात, बयाणा देतात, पुढच्या मोसमाच्या तारखा आत्ताच भरत आल्या आहेत. चातुर्मासात लग्ने नाहीत, डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता म्हणून पुन्हा लग्ने बंद, नवरात्रात गरब्याची थोडी कामे. कमाईचे महिने निम्मे आणि हप्ते बारा, हे त्याला पाठ आहे. त्या बाजूने मला काळजी वाटली नाही.

माझा जीव अडकला तो सरस्वतीबाईंपाशी. त्या माहेरच्या करंदीकर, १९०२ मध्ये फाळक्यांशी लग्न झाले. 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या घरात तयार झाला. तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत, ती आपण पाडावी लागत, तीही अंधारात. भोक जरा सरकले की चित्र पडद्यावर उड्या मारणार. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुवायची रसायने त्या कालवत. चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रोज त्यांच्याकडेच. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके घेतले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ ठरवले. म्हणजे पडद्यावरच्या हरिश्चंद्राच्या बायकोचा पगार ठरलेला होता. तिची फिल्म अंधारात बसून भोके पाडून तयार करणाऱ्या बाईचा नव्हता. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. १ जानेवारी १९१८ रोजी फाळक्यांनी वामन श्रीधर आपटे आणि इतर भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. पैसा घालणारे भागीदार झाले. त्या नावांत सरस्वतीबाई नाहीत.

यात मी फाळक्यांना दोष देत नाही. काळ तसा होता, आणि तशा काळातही त्यांनी आपली विद्या बायकोला हाताला धरून शिकवली, हे मला मोठे वाटते. पण काळ बदलून शंभर वर्षे झाली आणि आमच्या दांडिया बाजारात कागद तसाच आहे, हे मला सोसत नाही. जोडधंदा असतो तोवर घरच्या माणसाची रात्र 'मदत' म्हणून खपते. धंद्यावरच घर चालवायचे ठरले की ती रात्र त्या धंद्याचा खर्च होते, आणि जो खर्च मांडलेला नाही त्यावर काढलेला नफा खोटा असतो. ती उद्या तापाने पडली तर भाच्याला डेटा सांभाळणारा माणूस पगार देऊन ठेवावा लागेल. मग आज तिचा आकडा शून्य कसा?

हे त्याला सांगितले तेव्हा तो दुखावला. "मावशी, घरातच काय हिशेब? माझं ते तिचंच आहे ना." मी म्हटले, मग लिहायला काय हरकत आहे? आपल्याकडे १९३२ चा भागीदारी कायदा आहे. नवरा-बायको भागीदार होऊ शकतात, नफ्याचे प्रमाण आपण ठरवायचे. काम करणाऱ्या भागीदाराला पगार द्यायचा तर तो दस्तात लिहिलेला असला पाहिजे, तरच आयकरात तो खर्च धरता येतो. अवघड काहीच नाही. कोणीतरी बसून लिहायला हवे, इतकेच.

गेल्या रविवारी बसलो. तो म्हणाला, दहा टक्के लिहू, नावापुरते. सूनबाई काही बोलली नाही. आत जाऊन वही घेऊन आली. कार्ड कधी लावले, कॉपी कधी संपली, अल्बमचे फोटो निवडून घ्यायला वधूच्या आईला किती वेळा फोन केला, सगळ्यापुढे वेळ होती. तिने ती हिशेबासाठी लिहिली नव्हती, चूक झाली तर शोधता यावी म्हणून लिहिली होती. आम्ही एकच लग्न घेतले आणि बेरीज केली. शूट आणि एडिटिंग धरून त्याचे ४४ तास झाले. तिचे ३१.

त्याने बेरीज स्वतः पुन्हा केली. मग दहावर काट मारून चाळीस लिहिले आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने विचारले, "आणि आईकडे डिस्क पोचवायचा रिक्षाखर्च?" तोही खर्चात घातला. बुधवारी वकिलाकडे जायचे आहे. राजीनाम्याचे पत्र त्याने लिहून ठेवले आहे, तारीख अजून घातलेली नाही. आधी दस्त, असे ठरले आहे.